मोटारीतली शेगडी

वाचकहो, दिवाळीच्या दिवसांत शेगडीचा विषय निघाला तर तो चकलीच्या कढईखालच्या शेगडीचा असावा, हे मलाही कळते. परंतु गेल्या वर्षी गणपती उठल्यापासून नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत आमच्या घरात एकाच शेगडीची चर्चा होती, आणि ती होती मोटारीतली. नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला मोटारीत शेगडी कशाला हवी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. आमच्या सौभाग्यवतींनाही तो पडला होता. भाद्रपद संपत आला होता, अंगाची लाही लाही होत होती, गोखले रोडवरून छत्री धरून जाणारी माणसे ती पावसासाठी धरली आहे की उन्हासाठी, हे विसरून गेली होती, आणि अशा एका दुपारी आमच्या मामांनी दारातूनच जाहीर केले, "अरे, गाडीचा हीटर चालू करायचा आहे. उद्यापासून लागू या."

"अहो मामा," ही म्हणाली, "आधी गाडीत पंखा बसवा की!"

एरवी असल्या बोलण्याला मामांचे उत्तर तयार असते. त्या दिवशी ते नुसतेच खुर्चीवर बसले आणि पाणी प्यायले. प्रकरण साधे नाही हे मी तेव्हाच ओळखायला हवे होते. पण ओळखले नाही. मराठीच्या प्राध्यापकाला ओळींच्या मधला अर्थ कळतो, घरातला कळतोच असे नाही.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. वय त्र्याऐंशी. १९६७ साली ते जर्मनीला गेले, श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून नऊ वर्षे राहिले आणि १९७६ साली परत आले ते आपली मोटार बोटीत घालूनच. ही मोटार म्हणजे फोक्सवॅगनची 'बीटल', म्हणजे भुंगेरा. आमच्या गल्लीतली पोरे मात्र तिला कासव म्हणतात. या जातीच्या मोटारी जगात दोन कोटी दहा लाखांहून अधिक निघाल्या आणि शेवटची २००३ साली मेक्सिकोत निघाली. मामांची १९७० सालची. तिचे इंजिन मागे, सामान ठेवायची जागा पुढे, आणि इंजिनात पाण्याचा थेंब नाही. सारे काम वाऱ्यावर.

हे पाणी नसणेच शेगडीच्या मुळाशी आहे. इतर मोटारींत इंजिन थंड करणारे पाणी तापते, त्याचीच ऊब आतल्या माणसांना देता येते. बीटलमध्ये धुरांड्याच्या नळ्यांभोवती तापलेला वारा आत सोडतात. त्याने पाय शेकतात. पण जर्मनीच्या कडक थंडीत, गाडी नुकती सुरू केलेली असताना, काचांवरचे बर्फ त्या वाऱ्याला दाद देत नाही. म्हणून ज्याला हवी त्याने पैसे टाकून एक स्वतंत्र, पेट्रोलवर जळणारी शेगडी बसवून घ्यायची सोय होती. मामांच्या गाडीतली शेगडी एबरश्पेशर कंपनीची. एस्लिंगेन गावात १८६५ साली याकोब एबरश्पेशर नावाच्या एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने काढलेले हे दुकान, पुढे त्याचा मोठा कारखाना झाला. मामांचे बिऱ्हाड त्याच गावात होते. तेव्हा आपल्याकडे पेणच्या माणसाने पेणचाच गणपती बसवावा, तसे हे झाले.

या शेगडीची रचना समजून घेतलीत तर पुढचे रामायण कळेल. आपला जुना प्रायमस स्टोव्ह एका बंद डब्यात ठेवला आहे अशी कल्पना करा. विजेचा छोटा पंप पेट्रोल थोडे थोडे पुढे ढकलतो, पंखा वारा देतो, प्लग ते पेटवतो आणि पत्र्याच्या एका नळकांड्यात जाळ होतो. त्याचा धूर वेगळ्या नळीने थेट गाडीच्या खाली, बाहेर जातो. त्याच मोटरवरचा दुसरा पंखा नळकांड्याच्या बाहेरून स्वच्छ वारा फिरवतो. तो तापतो आणि माणसांकडे येतो. म्हणजे एका यंत्रात दोन वारे, एक जळणारा आणि एक शेकणारा. दोघांच्या मध्ये फक्त एक पातळ पत्रा. या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढेच या यंत्राचे सारे शास्त्र. इंजिन बंद असले तरी ती बॅटरीवर चालते, आणि बटण बंद केल्यावरही नळकांडे निवेपर्यंत तिचा पंखा दोनतीन मिनिटे फिरत राहतो.

"तुझी मामी १९७१ च्या जानेवारीत तिकडे आली," मामा दुसऱ्या दिवशी गाडीचे पुढचे झाकण उघडता उघडता म्हणाले. "पेणहून. अंगावर एक स्वेटर, तोही उसना. मला कारखान्यातून सुटायला उशीर झाला की ती गाडीत हीटर लावून विणत बसायची. शेगडी हे नाव तिनेच ठेवलेले. आणि बटण बंद केले तरी पंखा थांबेपर्यंत खाली उतरायची नाही. म्हणायची, ती निजू दे आधी."

मामी जाऊन आता तीन वर्षे झाली होती. मामांचा बेत असा होता, की डिसेंबरात महाबळेश्वरला जायचे. पुढे ते आणि मी, मागे आई आणि माझी मुलगी. आणि वर थंडीत शेगडी लावायची. यावर सौभाग्यवतींनी पुन्हा पंख्याचे नाव काढले नाही.

आता मिस्त्रींकडे वळू. नौपाड्याच्या गल्ल्यांतून पूर्वी तळमजल्यांवर एकदोन गॅरेजे असत. जुन्या इमारती पाडून उंच इमारती आल्या, तशी ती वागळे इस्टेटकडे सरकली. आमचे मिस्त्रीही असेच सरकलेले. वय साठीच्या पुढे, मूळ गाव संगमेश्वराकडे, हात बसलेला तो फियाटवर. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटी आणि पद्मिनी त्यांनी इतक्या उघडल्या, की २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सीची मुदत संपून मुंबईच्या रस्त्यांवरून ती कायमची उतरली, त्या दिवशी त्यांनी म्हणे गॅरेज अर्धा दिवस बंद ठेवले. मामांची गाडी ते वीस वर्षे बघत आहेत.

शेगडी काढून टेबलावर ठेवल्यावर त्यांनी ती चारी बाजूंनी पाहिली.

"काका, या डबीला मी आजवर हात लावला नाही. मेकर कोण?"

"एबरश्पेशर."

"प्रेशर ना? मग ठीक." आणि तेव्हापासून त्या यंत्राचे नाव गॅरेजात 'प्रेशर' पडले ते पडलेच.

मिस्त्रींची एक शिस्त आहे. ती मी माझ्या वहीत लिहून घेतली: आधी वीज, मग वारा, मग तेल, मग ठिणगी, आग सगळ्यांत शेवटी. मला हे फार आवडले. आम्ही वाक्यपृथक्करण शिकवतो तेव्हा पोरे आधी विशेषणांना जाऊन झोंबतात. त्यांना सांगावे लागते, की बाबांनो, आधी क्रियापद शोधा, बाकीची मंडळी आपोआप सापडतात. यंत्रातही तसेच असावे. बिघाड दिसतो एका जागी आणि असतो त्याच्या दोन घरे आधी.

वीज पाहिली. शेगडीला वीज मिळतच नव्हती. फ्यूज धड होता, तार धड होती. पण शेगडीचा अर्थ जिथे गाडीच्या पत्र्याला जोडला होता, तिथे पन्नास वर्षांचा गंज आणि त्यावर कोणीतरी प्रेमाने मारलेला रंग. बारा व्होल्टच्या मामल्यात एवढा गंज पुरतो. पॉलिश पेपरने जागा घासून पितळी वायसर घातल्याबरोबर तारेत जीव आला. खर्च, एक वायसर. मामा म्हणाले, "बघ, एवढेच होते!" मिस्त्री काही बोलले नाहीत. जे सहज झाले त्यावर ते कधीच बोलत नाहीत.

वाऱ्याची पाळी आली आणि मोटर फिरेना. उघडून पाहतो तो तिचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज देणारे ते दोन काळे तुकडे, झिजून संपलेले. त्या मापाचे कार्बन मिळेनात. येथे मला एक कल्पना सुचली. आमच्या मिक्सरचे कार्बन गणपतीआधीच नवे घातलेले होते आणि दिसायला अगदी तसेच होते. मी ते गुपचूप काढले, कानशीने घासून मापात आणले आणि विजयी मुद्रेने गॅरेजात नेले. मोटर दोन वेळा कुरकुरली आणि गप्प बसली.

"सर, हे कुठून आणलेत?"

मी सांगितले. मिस्त्रींनी कार्बन दिव्याखाली धरले. "हा निव्वळ काळा आहे. घरच्या विजेचा जोर मोठा, त्याला हा चालतो. बॅटरीचा जोर थोडा, पण करंट जास्त. याला तांबे मिसळलेला कार्बन लागतो. लालसर दिसतो तो." मग त्यांनी रिक्षाच्या सेल्फचे कार्बन आणले, मापात घासले, आणि मोटर 'घूंऽऽ' करून फिरू लागली. तो आवाज ऐकून मामांनी चष्मा काढून पुसला. इकडे घरी मात्र त्याच वेळी ओल्या नारळाची चटणी मिक्सरात तशीच पडली होती आणि मिक्सर हूं की चूं करत नव्हता. त्या संध्याकाळी मला वारा, वीज आणि आग या तिन्हींचा अनुभव एकदमच आला.

तेलाचे काम सर्वांत चिवट निघाले. पेट्रोलच्या नळीत जुने पेट्रोल वाळून काकवीसारखे चिकट झाले होते. ते सॉल्व्हंटने धुतले. पंप उघडला तर त्यातला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, पापडासारखा कडक झालेला. नवा पडदा नुसत्या रबराचा चालत नाही. रबर चढवलेल्या कापडाचा लागतो. शिवाय आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या जातीचे रबर त्याने फुगते, मऊ पडते, चिरते. १९७० साली ज्याने ही शेगडी केली त्याच्या स्वप्नातही ऊस आला नसेल! तेव्हा जुन्या मापाचा पण नव्या पेट्रोलला टिकणारा पडदा हवा, अशी ही मागणी होती.

मामा आणि मी कुर्ल्याला सी. एस. टी. रोडवर गेलो. जुन्या मोटारींच्या भागांचा तो बाजार म्हणजे एक मोठा शब्दकोशच आहे. फक्त अकारविल्हे लावलेला नाही. कोणाकडे नुसते दरवाजे, कोणाकडे नुसते डोळे, म्हणजे हेडलाइट. दुकानदार पंप हातात घेत, वजन करत आणि म्हणत, "फियाटका देता हूँ, अच्छावाला." चार तास फिरून पडदा मिळाला नाही, मात्र एकाने सल्ला दिला, की आख्खा पडदा शोधूच नका, कापड शोधा आणि कापून घ्या. हा सल्ला लाखाचा होता.

कापडासाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर त्या बराकींतून सिंधी निर्वासितांना जागा दिली आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. आजही जुनी माणसे त्याला कॅम्पच म्हणतात आणि पत्ता सांगताना एक ते पाच यांपैकी कॅम्पाचा नंबर सांगतात. घर, शेत, दुकान सारे मागे टाकून आलेल्या या लोकांनी मिळेल त्या वस्तूपासून हवी ती वस्तू करायला सुरुवात केली, आणि त्यावर नाके मुरडणारी आपली मंडळी खरेदीला मात्र तिथेच जाऊ लागली. एका वयस्क दुकानदाराने आमचा वाळलेला पडदा बोटांत धरून वाकवला, वास घेतला, नव्या पेट्रोलला चालणारे हवे ना असे आपणहून विचारले आणि आतून एक पातळ काळी शीट आणली. चार पडदे होतील एवढा तुकडा त्याने कापून दिला. मी म्हटले, एकच पुरे. तो म्हणाला, "साहब, पहला काटने में बिगड़ेगा." आणि खरोखरच पहिला कापताना बिघडला.

राहिला प्लग. तो मात्र कापून, घासून, घडवून होण्यासारखा नव्हता. तेव्हा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला लिहिले. हा श्टुटगार्टात नोकरी करतो; कॉलेजात असताना मराठीच्या तोंडी परीक्षेत मी त्याला बराच घाम फोडला होता. त्याने दोन आठवडे शोधून जुन्या साठ्यातला एक प्लग मिळवला आणि दसऱ्याला घरी आला तेव्हा आपट्याच्या पानाबरोबर माझ्या हातावर ठेवला. "सर, सोने," म्हणाला. किंमत पाहता तो फारसे खोटे बोलत नव्हता.

आता पेटवायचे, अशा तयारीने आम्ही गॅरेजात गेलो, तो मिस्त्रींनी प्लग ठेवून घेतला आणि पाण्याने भरलेला टब मागवला. "आग शेवटी म्हटले होते ना? आधी नळकांडे बघू."

सायकलचे पंक्चर तुम्ही पाहिले असेल. तसेच त्यांनी केले. नळकांड्याची सारी तोंडे बुचे मारून बंद केली, एका बुचातून हवा भरली आणि ते पाण्यात बुडवले. क्षणभर काही झाले नाही. मग एका जोडाजवळून मोहरीएवढा बुडबुडा वर आला. त्याच्या मागून दुसरा. मग बुडबुड्यांची माळच लागली.

मिस्त्रींनी हात पुसले. "काका, ही गाडीत बसणार नाही."

मामा म्हणाले, "जोड लावता येईल."

"पत्रा आतून खाल्लेला आहे. एका जागी लावाल, दुसऱ्या जागी फुटेल. धूर आत येईल."

"एवढीशी भोके! काचा थोड्या उघड्या ठेवू."

"काचा उघड्या ठेवायच्या तर शेगडी कशाला, काका?"

मामा त्यावर काही बोलले नाहीत. पण घरी येईपर्यंत माझ्याशीही बोलले नाहीत. ते स्वतः इंजिनियर. जळण अर्धवट झाले की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. माणसाचे डोके जड होते, झोप येते, आणि उबेत झोप आली तर तिची कोणी शंका घेत नाही. उत्तरेकडे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो. हे सारे ठाऊक असूनही माणूस म्हणतो, काचा उघड्या ठेवू. कारण त्याला शेगडी नको असते. शेगडीबरोबर गेलेले काहीतरी परत हवे असते.

यानंतर मी जे केले ते लिहायला मला आनंद होत नाही. मामा जेवेनासे झाले, आई काळजीत पडली, आणि मला वाटले, एका मिस्त्रींनी नाही म्हटले म्हणून काय झाले? मी ते नळकांडे पिशवीत घातले आणि वागळे इस्टेटमध्ये गेलो. १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ झाले, तेव्हा त्याची अगदी पहिली वसाहत ती हीच. तिथे लहान लहान गाळ्यांतून आजही असे हात आहेत, की तुटलेली सुई सांधून देतील. एका वेल्डरने विचारले, "कशाचे आहे?" खरे सांगितले तर तोही नाही म्हणेल, अशी मला भीती वाटली. मी म्हणालो, "आंघोळीच्या बंबाचे." त्याने पितळेचा सुरेख जोड लावून दिला, घासून चकचकीत केला. बंबाला तो जोड दहा वर्षे टिकला असता. त्या कारागिराचा यात काडीचाही दोष नाही. खोटे मी बोललो होतो.

नळकांडे मिस्त्रींसमोर ठेवले तेव्हा माझी मुलगीही बरोबर होती. तिला क्लासहून आणताना मी तिकडे वळलो होतो. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, "काम चांगले आहे," म्हणाले, आणि पुन्हा टब मागवला. जोडातून एकही बुडबुडा आला नाही. माझा चेहरा उजळला असावा. कारण त्यांनी मला हाताने थांबवले आणि नळकांडे हळूच फिरवले. दुसऱ्या बाजूने, जिथे पहिल्या दिवशी काही नव्हते तिथून, सुईच्या टोकाएवढे बुडबुडे निघू लागले. जोड लावताना लागलेल्या आचेने शेजारचा कुजका पत्रा सुटला होता.

"सर, महाबळेश्वरला मागच्या सीटवर कोण बसणार?" त्यांनी विचारले.

माझी मुलगी म्हणाली, "मी आणि आजी."

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. टबातले ते बुडबुडे वर येताना मला अजून दिसतात. मोटारीत बसलो असतो तर ते दिसले नसते, एवढाच काय तो फरक.

मग मिस्त्री म्हणाले, "अर्थ मी साधला, कार्बन मी बसवले, पडदा तुम्ही कापून आणलात. हे भाग फसले तर शेगडी बंद पडते, दुसरे काही होत नाही. हा भाग फसला तर शेगडी चालू राहते." वीस वर्षे मी वर्गात सांगतो आहे, की व्याख्या कमीत कमी शब्दांत करावी; इतकी नेमकी व्याख्या मला कधी जमलेली नाही. जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्या सर्वांनी ती भिंतीवर लिहून ठेवावी. मिक्सर असो, गीझर असो, गॅसची नळी असो, आपण घरोघर 'भागवून' नेत असतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र फसल्यावर जे गप्प बसते ते भागवून घ्यावे. फसूनही जे चालू राहते ते भागवू नये.

त्या रात्री मी मामांकडे जाऊन सगळे सांगितले, बंबाच्या थापेसकट. मामा बराच वेळ खिडकीतून खाली झाकून ठेवलेल्या गाडीकडे पाहत होते. मग म्हणाले, "तिला कळले असते तर तिने मला मागच्या सीटवर बसवले असते आणि स्वतः चालत गेली असती." आणि ताट वाढायला सांगितले.

तोड मिस्त्रींनीच काढली. शेगडी गाडीत बसवायची नाही. पण उघड्यावर, आकाशाखाली, एकदा पेटवायला हरकत नाही. अटी चार. आसपास फटाके नकोत. शेजारी वाळूच्या दोन बादल्या. पेट्रोल फक्त एका लहान बाटलीत आणि तेही दूर. धुराची नळी माणसांकडे पाठ करून. तुम्हांला सांगतो, वाचकहो, घरी हा खटाटोप कोणी करू नये. आम्ही केला तो मिस्त्री स्वतः उभे होते म्हणून.

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नाने उरकून, फटाके सुरू होण्याच्या आधी आम्ही इमारतीच्या आवारात जमलो. नौपाड्याची थंडी ती काय! पण ओल्या केसांना लागावी इतकी हवा होती. आई शाल घेऊन खुर्चीवर बसली. लोखंडी टेबलावर शेगडी, शेजारी बॅटरी. मामांनी बटण दाबले. मोटर घूं करू लागली. पंप टक्‌टक् करू लागला. प्लगचा लालसर उजेड फटीतून दिसला. आणि मग काहीच होईना. आमचा वॉचमन एक पाऊल मागे सरला. एवढ्यात 'फप्' असा आवाज झाला, धुराच्या नळीतून पांढरा लोट गेला आणि विरला, आणि पुढच्या तोंडातून आधी कोमट, मग चांगला गरम वारा येऊ लागला.

एकेकाने हात पुढे केले. मुलीने केस वाळवून घेतले. सौभाग्यवतींनी उटण्याचे तबक खाली ठेवून दोन्ही तळवे शेकले आणि म्हणाल्या, "अहो मामा, बरे वाटते हो!" मामा काहीच बोलले नाहीत. ते डोळे मिटून तो आवाज ऐकत होते.

पाच मिनिटांनी मिस्त्रींनी खूण केली. मामांनी बटण बंद केले. पंपाची टकटक थांबली, जाळ विझला. चहा निवत होता, फराळाची ताटे वर मांडलेली होती, कुठेतरी पहिली लवंगी तडतडली होती. आम्ही उठू लागलो. मामा जागचे हलले नाहीत.

"थांबा रे," ते म्हणाले, "पंखा फिरतोय अजून."

तेव्हा आम्ही सगळे, मिस्त्री, वॉचमन आणि आई धरून, पंखा थांबेपर्यंत तिथेच उभे राहिलो.

ती शेगडी आता मामांच्या दिवाणखान्यात कपाटावर आहे, प्लग काढून. गाडीतल्या तिच्या जागी मिस्त्रींनी पत्र्याची झाकणे घट्ट बसवून दिली. डिसेंबरात आम्ही महाबळेश्वरला गेलो. तिथे थंडी कडक होती. आईने दोन शाली घेतल्या होत्या, त्यांपैकी एक वाटेतच मामांच्या खांद्यावर गेली, आणि मुलगी मागच्या सीटवर घाट संपेपर्यंत गाढ झोपली होती. मी दोन वेळा मागे वळून तिला हाक मारली. दोन्ही वेळा तिने "काय हो बाबा!" म्हणून वैतागून डोळे उघडले, आणि मला फार बरे वाटले.